वरच्या दोन खोल्या

“ओठ हलतायत तुझे,” मालक म्हणाले.

मिस्त्रीचा हात यंत्राच्या दांड्यावर जागच्या जागी थांबला. तांब्याची तार अर्ध्या वेढ्यात ताणलेली राहिली.

“सवय आहे मालक. नकळत हलतात.”

“नकळत बिकळत काही नाही. मघापासून बघतोय मी. आकडे मोज. एक, दोन, तीन. साऱ्या जगाचं त्यावर भागतं, तुझंच भागत नाही होय?”

मिस्त्रीने गुंडाळलेली तार उलगडली आणि मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. मालक खुर्चीत मागे रेलले, पण नजर त्यांनी त्याच्या तोंडावरून काढली नाही.

आता हे ओठांचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. जळलेल्या मोटरी पुन्हा भरून देण्याचं ते दुकान होतं. मोटरीच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार तितक्याच वेढ्यांनी गुंडाळून आतल्या खाचांमध्ये बसवायची, वरून रोगण द्यायचं, हे मिस्त्रीचं काम. सगळी मदार वेढ्यांवर. वेढे कमी पडले की मोटर गुरगुरते, तापते आणि पुन्हा जळते. यंत्राला मोजणीचा काटा होता, पण तो कधीचा बिघडला होता आणि दुरुस्त करावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. इतर दुकानांतले कारागीर तोंडाने आकडे मोजत. कुणी हाक मारली, नाकावर माशी बसली, की आकडा हुकला; मग एक शिवी हासडायची आणि पुन्हा एकपासून.

मिस्त्री आकडे मोजतच नसे. तो प्रार्थना म्हणे. येशूने शिष्यांना शिकवलेली ती छोटी प्रार्थना, एका शब्दाला एक वेढा. प्रार्थना संपली की समोरच्या वाटीत एक खिळा टाकायचा आणि पुढची धरायची. कुठल्या मोटरीला किती प्रार्थना आणि वर किती शब्द, हे त्याच्या हातात बसलं होतं. मध्येच कुणी काही विचारलं तर तो थांबून नीट उत्तर द्यायचा आणि राहिल्या शब्दापासून पुढे जायचा. आकड्यांत माणूस हरवतो, प्रार्थनेत आपण कुठे होतो हे विसरायला होत नाही, असं त्याचं म्हणणं. गल्लीने त्याचं नाव पुटपुटे ठेवलं होतं. तो त्या नावाला ओसुद्धा द्यायचा.

हा विश्वास त्याच्या घरात पिढीजात नव्हता. ऐन तरुणपणी काम शोधत तो या शहरात आला, तेव्हा बसस्टँडच्या मागच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात पावसापासून आडोशाला म्हणून शिरला. आतल्या एका म्हातारीने उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभी राहिली. तोवर त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. पुढे त्याने बरंच काही ऐकलं, शिकलं, पण सुरुवात झाली ती त्या खुर्चीपासून.

मालकांनाही त्याच्या पुटपुटण्याचं कधी वावडं नव्हतं. “तुझा देव मला फुकटात वेढे मोजून देतो, माझं काय जातंय,” असं ते गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणायचे. दोघंही तेव्हा तरुण होते. दुकान मालकांचं आणि हात मिस्त्रीचा, अशी त्यांची उभी हयात गेली.

मग मालकांची मुलगी आजारी पडली. एकुलती एक, आईवेगळी पोर. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मिस्त्रीने भीत भीत विचारलं, “प्रार्थनेला येऊ का मालक?” आणि कुणापुढे मान न वाकवलेला तो माणूस तेलकट विजारीनिशी दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. मिस्त्रीने त्यांचा हात हातात घेतला होता. उठताना तो म्हणाला, “ती बरी होईल मालक. माझी खात्री आहे.” उगाच धीर द्यायचा म्हणून नव्हे, अगदी आतून म्हणाला. मुलीने तो आठवडाही काढला नाही.

मालकांनी त्याला कामावरून काढलं नाही. रागे भरले नाहीत. फक्त बोलणं बंद केलं, ते पुष्कळ दिवस. नंतर त्यांचंच हृदय बिघडलं. काही पायऱ्या चढल्या तरी त्यांचा जीव घाबराघुबरा व्हायचा, म्हणून वरच्या दोन खोल्यांना कुलूप लावून ते दुकानातच खाटेवर झोपू लागले. डॉक्टरांनी त्यांना काय ते स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर एका दुपारी त्यांनी मिस्त्रीला समोर बसवलं.

“दुकान तुझ्या नावावर करतोय,” ते म्हणाले. “वरच्या दोन खोल्यासुद्धा. पुतण्या आहे, पण त्याला हे दुकान म्हणजे नुसती जागा. मी डोळे मिटले की विकून मोकळा होईल. तू चालवशील.”

मिस्त्री उठायला लागला, तसं मालकांनी त्याला हाताने खाली बसवलं.

“पण माझ्या दुकानात तुझ्या देवाचं नाव नको. आजपासून तू आकडे मोजायचे. त्या पत्र्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि कागद होतील त्या दिवशी चार माणसांसमोर एकदा म्हणायचं, की तो नाही. कधी नव्हताच. एवढंच.”

संध्याकाळी मिस्त्री घरी गेला. घर म्हणजे रस्त्याच्या पातळीखाली अर्धी बुडालेली एक खोली. खिडकीतून आभाळ दिसत नसे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसत. भिंतींना बारा महिने ओल. त्याची बायको इमारतींचे जिने धुवायला जायची, आणि तिच्या छातीत दमा बसलेला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही म्हणालो.”

“काही नाही म्हणजे हो म्हणालात की नाही म्हणालात?”

“गप्प बसलो.”

“हां. ते तुम्हाला छान जमतं.” ती खाटेच्या कडेला बसली. थोडा वेळ नुसती श्वास गोळा करत राहिली. “मालकांची पोरगी आजारी होती तेव्हा मी वर झाडायला जायचे, आठवतंय? दोन्हीकडे खिडक्या आहेत तिथे. एका खिडकीतून वारा येतो, दुसरीतून जातो. तिथे मला पोटभर श्वास यायचा हो. इथे आल्यापासून तसा कधी आला नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग म्हणून टाका ना. चार शब्द तर आहेत. आतलं आत राहू द्या. येशूचा पट्टशिष्य पेत्र, तो नाही का म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही म्हणून? एकदा नाही, तीनदा. तरी स्वर्गाच्या किल्ल्या कुणाच्या हातात राहिल्या? त्याच्याच ना?”

तीही त्याच्याबरोबर कित्येक वर्षं प्रार्थनाघरात बसलेली बाई. ती उगाच तोंडाला येईल ते बोलत नव्हती.

“तो नंतर रडला,” मिस्त्री म्हणाला.

“तुम्हीही रडा. वरच्या खोलीत बसून रडा. मी पाणी आणून देईन.”

बायकोला खोकल्याची उबळ आली तेव्हा तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि त्याच वेळी त्याने मनाशी ठरवलं की मालक म्हणतील तसं करायचं.

पुढच्या रविवारी तो प्रार्थनाघराच्या वेळेला दुकानात गेला. मालक दार उघडून वाटच बघत होते. त्यांनी स्वतः दोघांसाठी चहा मागवला. कित्येक दिवसांनी ते त्याच्याशी पहिल्यासारखं बोलले, जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, एकदा तर हसलेसुद्धा. मिस्त्रीला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली. एकटीने प्रार्थनेला जायचं टाळून बायकोही घरीच राहिली. लोक विचारतील, त्यांना काय सांगू, म्हणाली.

आकडे मात्र त्याच्या हाताला मानवेनात. पन्नाशी ओलांडलेला माणूस, नव्याने मोजायला शिकत होता. चाळिसाच्या पुढे गेलं की आकड्यांमधून शब्द डोकं वर काढायचे, ते तो दाबायचा, आणि दाबता दाबता आकडा हातचा जायचा. मालक समोर बसून त्याचे ओठ बघत असायचे. रस्त्यात आपली आई समोरून यावी आणि आपण मान फिरवून ओळख न दाखवता पुढे जावं, तसं त्याला दिवसभर होत राहायचं. रोजच भेटायची ती, आणि रोज तो मान फिरवायचा.

अशात दवाखान्याच्या पाण्याच्या पंपाची मोटर आली. दोन दिवस खपून त्याने ती भरली, रोगण सुकवलं आणि चाचणीला लावली. मोटर फिरली, पण तिचा आवाज त्याला ऐकताक्षणी कळला. बटण बंद करायला तो धावला, तोवर धूर निघाला होता. करपलेल्या रोगणाचा वास दुकानभर पसरला. त्याने हातांनी भरलेली मोटर अशी समोर जळण्याची ही पहिलीच वेळ.

मालकांचा पुतण्या दारात उभा होता. दुकान हातचं जाणार हे त्याला कळलं होतं आणि तो आता रोज काही ना काही निमित्त काढून यायचा.

“काय पुटपुटे, देव रुसला वाटतं,” तो म्हणाला. “काका, त्या यंत्राचा काटा तरी दुरुस्त करून घ्या. शंभर रुपड्यांचं काम.”

“काटा नको,” मालक म्हणाले. “त्याला तोंडाने मोजू दे. आणि तू हसू नकोस, निघ.”

पुतण्या गेला. मालक छातीवर हात धरून सावकाश उठले आणि जळलेल्या मोटरीपाशी मिस्त्रीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“होईल सवय,” ते हळू आवाजात म्हणाले. “मलाही झाली. ती गेल्यावर पहिले काही महिने माझे हात आपोआप जुळायचे. तू शिकवलं होतंस तसे. मग मी हात उशीखाली दाबून झोपायला लागलो. नंतर जुळेनासे झाले.”

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. मालकांना आपला सूड घ्यायचाय, असं तो इतके दिवस धरून चालला होता. आता पहिल्यांदा त्याला शंका आली की तसं नसावं.

कागद करायचा दिवस उजाडला. वकील आला, शेजारचे दोन दुकानदार साक्षीला आले, पुतण्या कोपऱ्यात तोंड पाडून उभा राहिला. मिस्त्रीची बायको ठेवणीतले कपडे घालून आली होती. आल्या आल्या तिने जिन्याकडे एकदा बघून घेतलं. वर खाट कुठे घालायची, चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची, हे तिने मनात केव्हाच ठरवलं होतं आणि काल रात्री त्याला सांगितलंही होतं.

“म्हण,” मालक म्हणाले.

मिस्त्री उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. वकिलाने खाकरून घड्याळाकडे पाहिलं.

“मालक, पोरगी बरी होईल असं मी म्हणालो होतो,” तो शेवटी बोलला. “ते म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. ते माझं चुकलं. त्यापायी तुम्ही मला तेव्हाच हाकलून दिलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं.”

“ते नकोय मला. सांगितलंय ते म्हण.”

“तो नाही, असं मला म्हणता येत नाही.”

“तो असता तर माझी पोर वाचली असती.”

“ती का गेली ते मला माहीत नाही मालक. खरंच माहीत नाही. मी रोज विचारतो. इथे आकडे मोजताना पण विचारत होतो. पण विचारतो ते त्यालाच ना.”

मालकांचा चेहरा रागाने लाल होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो नुसता खचला. म्हातारा एकदम आणखी म्हातारा दिसायला लागला.

“मग मी एकट्यानेच बसायचं का रे इथे?” त्यांनी विचारलं.

मिस्त्रीला आता कळलं. या माणसाला दुकान द्यायचं नव्हतं, सोबत हवी होती. देव नसलेल्या घरात मरेपर्यंत शेजारी कुणीतरी असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्यासाठी ते होतं नव्हतं ते सगळं द्यायला निघाले होते.

“मी येईन ना बसायला. दुकान नको, खोल्या नकोत. रोज येईन.”

“त्याला बरोबर घेऊन येशील.”

“हो,” मिस्त्री म्हणाला. “त्याला घरी ठेवून येता येत नाही मालक. करून बघितलं मी.”

“मग येऊ नकोस.”

त्याची बायको उठली. कुणाकडे न बघता ती दाराबाहेर गेली. बाहेरून तिच्या खोकल्याचा आवाज बराच वेळ आत येत राहिला. वकिलाने कागद पिशवीत घातले. पुतण्याने पुढे होऊन मालकांना पाण्याचा पेला दिला.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने प्रार्थना केली. आपण योग्य केलं असं काही मनात उमटेल, थोडं हलकं वाटेल, अशी त्याला आशा होती. काहीही उमटलं नाही. पलीकडे बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या छातीतली घरघर खोलीभर ऐकू येत होती. आपण हिच्या तोंडचा वारा काढून घेतला, एवढं एकच त्याला स्पष्ट कळत होतं.

नंतरही तो मालकांकडे जात राहिला. पुतण्या दारातूनच सांगायचा, नको म्हणालेत. तो थोडा वेळ पायरीशी उभा राहून परत यायचा. एक दिवस गेला तर दुकान बंद होतं आणि शेजारच्या दुकानदाराने मानेनेच काय ते सांगितलं. अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुतण्याने महिन्याभरात जागा विकली. खरेदी करणाऱ्याने खालच्या दुकानात चपला मांडल्या आणि वरच्या दोन खोल्यांत चपलांची खोकी रचली. दोन्हीकडच्या खिडक्या धूळ येते म्हणून त्याने फळ्या ठोकून बंद करून टाकल्या.

मिस्त्रीला दुसऱ्या दुकानांत काम मिळालं नाही. डोळे अधू झाले होते, आणि नवी यंत्रं आपली आपण मोजत. चार ठिकाणी नकार ऐकल्यावर तो बायकोबरोबर जिने धुवायला जाऊ लागला. बादली तो उचलायचा, फडकं ती मारायची. कामापुरतं बोलणं व्हायचं. “कोपरा राहिला,” ती म्हणायची, आणि तो कोपरा पुसायचा.

प्रार्थनाघराचे पाळक एकदा घरी येऊन गेले. सज्जन माणूस. ओल्या भिंतीपासून पाठ जपत अवघडून बसले आणि म्हणाले, “तुम्ही इथे जे सोडलंत, ते तिथे वर तुमच्यासाठी राखून ठेवलंय.”

“तिथे ओल नाही ना?” बायकोने विचारलं.

पाळक हसले. मग ती हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चपला शोधू लागले.

थंडी सुरू झाली तशी तिची तब्येत पार ढासळली. जिने सुटले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधं मी कितीही देईन, पण तुमच्या त्या ओलसर खोलीत त्या पुढचा हिवाळा बघणार नाहीत. तिची धाकटी बहीण घाटावरच्या एका कोरड्या गावात राहायची. तिचं घरही बेताचंच. एक खाट मावेल एवढी जागा निघते, तिला पाठवा, तिने निरोप दिला. दोन खाटा मावतील असं ती म्हणाली नाही, आणि तिचंही काही खोटं नव्हतं.

बसस्टँडवर मिस्त्रीने तिचं गाठोडं वर चढवलं, औषधाची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला. बस सुटायला अवकाश होता. कागदांच्या त्या दिवसाबद्दल ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांत ते एका रात्रीपुरतेही वेगळे झोपले नव्हते.

“अजून रागावली आहेस?” त्याने विचारलं.

“हो.”

त्याने मान हलवली.

“मरेपर्यंत जायचा नाही हा राग,” ती म्हणाली. एवढ्या बोलण्यानेही तिला धाप लागली आणि ती थांबली. “तुम्ही तसं म्हणाला असतात तरी रागावलेच असते बहुतेक. पण श्वास घेत रागावले असते.”

“चुकलो म्हणू का?”

“म्हणू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ते बघितलंय सगळ्यांनी.”

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं तसे खिडकीचे गज थरथरू लागले. तिने त्यातून हात बाहेर काढला आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

“अंथरूण रोज उन्हात टाका. नाहीतर तुम्हालाही लागेल खोकला.”

“टाकतो.”

“आणि रविवारी या.”

“सकाळच्या पहिल्या बसने येतो.”

“पहिल्या नको,” ती म्हणाली. “प्रार्थना सुटल्यावर या. आधी निघायचं नाही.”

बस हलली. चार पावलं तो तिच्याबरोबर चालला, मग गर्दीत मागे पडला. त्याने हात वर केला तेव्हा तिने खिडकीची काच ओढून घेतली होती. वारा लागला की तिला खोकला यायचा.